‘रेलिक’ म्हटले की मुलांना जुने गोवेच आठवते: वाचनाचा पाठ कसा घ्यावा?

डिचोलीची बाई

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका हायस्कुलात आठवीला इंग्रजी शिकवते. आमची बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमात येतात, त्यामुळे मोठ्याने वाचायला सांगितले तर अडखळत का होईना अख्खा परिच्छेद वाचतात, पण वाचून झाल्यावर ‘काय कळले?’ असे विचारले की सगळा वर्ग पुस्तकात मान घालून बसतो.

पूरक वाचनासाठी मी सांस्कृतिक वारशावरचा एक उतारा निवडला होता. त्यात रशियातील ‘अंबर रूम’ची हकिकत आहे. प्रशियाच्या राजाने 1701 च्या सुमारास बर्लिनमध्ये करवून घेतलेले अंबरचे (झाडाच्या गोठलेल्या राळेचे) भिंतपट त्याच्या मुलाने 1716 मध्ये रशियाचा झार पीटर याला भेट दिले. पुढे 1755 मध्ये महाराणी एलिझाबेथने ते सेंट पीटर्सबर्गजवळच्या राजवाड्यात नेऊन तिथे दालन सजवले. 1941 मध्ये जर्मन सैन्याने भिंती उकलून सत्तावीस पेट्यांत भरल्या आणि तेव्हा जर्मनीत असलेल्या कोनिग्सबर्ग शहरी नेल्या, आणि 1945 नंतर त्या पेट्यांचा माग लागलेला नाही. आज पर्यटक पाहतात ती खोली 1979 ते 2003 या काळात नव्याने घडवलेली आहे. गोष्ट रंजक आहे, भाषाही फार अवघड नाही, म्हणून पाठ सहज होईल अशी माझी समजूत होती.

प्रत्यक्षात पाठ पहिल्याच शब्दाला, म्हणजे उताऱ्यात अंबर रूमसाठी आलेल्या ‘रेलिक’ (अवशेष) या शब्दाला अडकला. वाचून झाल्यावर पाच वाक्ये लिहायला सांगितली, तेव्हा एका मुलाने लिहिले की रशियातील लोक दर दहा वर्षांनी अंबर रूमचे दर्शन घेतात. आधी मला हसू आले, मग त्याचे काही चुकले नाही हे लक्षात आले. गोव्यात ‘रेलिक’ हा शब्द मुलांच्या कानावर पडतो तो जुन्या गोव्याच्या बाँ जेझू बासिलिकातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या संदर्भात, आणि त्यांचे दहा वर्षांनी होणारे दर्शन 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत नुकतेच झाले होते. दुसऱ्या एका मुलीने ‘अंबर’ म्हणजे आकाश असे धरून खोलीचे छत निळे असावे असा निष्कर्ष काढला.

माझे प्रश्न दोन आहेत. शब्दांचे मराठी अर्थ आधी फळ्यावर लिहून द्यावेत की मुलांना उताऱ्यातूनच शोधू द्यावेत? आणि आपल्याकडची देवळे, चर्च, वस्तू यांचे दाखले इंग्रजीच्या तासाला आणावेत का, की त्याने पाठ इतिहासाचा होऊन बसतो? माझ्याकडे पस्तीस मिनिटांचे दोन तास आहेत.

फोंड्याचे सर

बाई, आपल्या विद्यार्थ्याने वाचले ते बरोबरच वाचले. त्याच्याजवळ त्या शब्दाचा एकच अर्थ होता आणि त्याने तो प्रामाणिकपणे लावला. अशा वेळी शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून तास पुढे नेणे मला घाईचे वाटते. त्याला ठाऊक असलेल्या अर्थापासूनच सुरुवात करावी. ‘रेलिक’चे मूळ लॅटिन आहे आणि त्यात ‘मागे उरलेले’ हा भाव आहे; आपला ‘अवशेष’ हा शब्दही नेमका त्याच भावाचा आहे. तेव्हा वर्गाला एवढेच विचारावे की माणूस गेल्यावर काय काय उरते. देह उरतो, कपडे उरतात, घर उरते, भांडी उरतात. संताचे उरले तर त्याला पवित्र अवशेष म्हणतात, समाजाचे उरले तर सांस्कृतिक अवशेष. मुले हे पाच मिनिटांत स्वतः सांगतात, असा माझा अनुभव आहे.

‘अंबर’च्या बाबतीत मात्र मी मराठी शब्द आधीच देईन, कारण तिथे मराठीच वाटेत आडवी येते. संस्कृतात याला तृणमणी म्हणतात. घासला की गवताची काडी ओढून घेणारा मणी, म्हणून तृणमणी. एका मुलाला प्लॅस्टिकची पट्टी केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरायला लावा. कपटे उडून पट्टीला चिकटले की ‘अंबर घासले तरी असेच होते’ एवढे वाक्य पुरते. त्यानंतर हा मणी खनिज दगड नसून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची राळ गोठून झाला आहे, हे सांगावे. फणस कापताना हाताला लागणारा चीक ज्याने तेल लावून काढला आहे, त्याला झाडाचा रस घट्ट होतो म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. (चीक आणि राळ एक नव्हे, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी मला ऐकवले आहे; तुलना म्हणून चालवून घ्यावी.)

याचा उपयोग उताऱ्यात पुढे होतो. 1941 मध्ये राजवाड्यातील लोकांनी ते पट काढून हलवण्याचा प्रयत्न केला होता, पण वाळून ठिसूळ झालेले अंबर हातात तुटू लागले, म्हणून त्यांनी ते जागेवरच ठेवून वरून साधा भिंतीचा कागद चिकटवला. जर्मन सैनिकांनी तो कागद ओळखला आणि छत्तीस तासांत खोली उकलली. आपल्या उताऱ्यात हा प्रसंग नसेल तर तोंडी सांगा. वाळलेली राळ कशी तुटते हे डोळ्यांसमोर असलेल्या मुलाला तो एकदाच ऐकून लक्षात राहतो.

पेडण्याचा निवृत्त शिक्षक

फोंड्याच्या सरांनी शब्दांचे छान सांगितले आहे. मी वाक्यांबद्दल लिहितो, कारण मुले खरी अडतात ती तिथे, आणि आपल्याला वाटते की ती शब्दांना अडली.

अशा उताऱ्यातली क्रियापदे एकदा मोजून पाहा. ‘वॉज गिव्हन’, ‘वॉज मूव्ह्ड’, ‘वॉज टेकन’, ‘वॉज रिबिल्ट’: सगळीकडे कर्मणी प्रयोग. हे अपघाताने होत नाही. वारशाच्या वस्तूचा इतिहास म्हणजे तिला कोणी दिले, कोणी नेले, कोणी लुटले याचा इतिहास असतो, पण लेखकाचे लक्ष वस्तूवर असल्यामुळे वाक्याचा कर्ता मागे जातो आणि पुष्कळदा गायबच होतो. मूल क्रियापद वाचते, अर्थही लावते, पण हे कोणी केले हा प्रश्न त्याच्या मनात उठत नाही; मग सगळ्या घटना एकाच माणसाने केल्यासारख्या किंवा आपोआप घडल्यासारख्या त्याच्या डोक्यात साठतात.

ही रचना मराठीत नाही असे मुलांना सांगू नये. आपल्या शाळेच्या वार्षिक अहवालात ‘दीपप्रज्वलन करण्यात आले’, ‘पाहुण्यांचे स्वागत करण्यात आले’ अशी वाक्ये ती दरवर्षी टाळ्या वाजवत ऐकतात. कोणी केले हे सांगायचे असेल तेव्हाच ‘प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते’ असे येते. इंग्रजीतला ‘बाय’ म्हणजे हे ‘हस्ते’. एवढे सांगितले की चाळीस वर्षे व्याकरणाच्या पुस्तकांनी जे डोक्यात भरवले नाही ते भरते.

मी वर्गात एकच काम देत असे. उताऱ्यातल्या प्रत्येक अशा क्रियापदाखाली रेघ मारायची आणि समासात ‘कोणी?’ लिहायचे. उत्तर उताऱ्यात असेल तर ते लिहायचे. नसेल तर प्रश्नचिन्ह. अंबर रूमच्या गोष्टीत दिले, नेले, लुटले, पुन्हा बांधले यांची उत्तरे मिळतात. शेवटी एकच प्रश्नचिन्ह उरते: 1945 नंतर पेट्यांचे काय झाले? ब्रिटिश विमानांनी ऑगस्ट 1944 मध्ये कोनिग्सबर्गवर बाँब टाकले, पुढच्या एप्रिलमध्ये सोव्हिएत सैन्य शहरात शिरले, आणि त्यानंतर माग नाही. मुलांना ते प्रश्नचिन्ह फार आवडते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपण डिचोलीत आहात, तेव्हा नार्वे आपल्या हाताशी आहे. तिथले सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते, पोर्तुगिजांनी ते पाडले आणि लिंग नदीपलीकडे नार्व्याला आले. तिथल्या देवळाच्या शिलालेखात शके 1590, म्हणजे इसवी सन 1668, असे वर्ष असून ‘श्री शिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः’ हे शब्द आहेत. ‘शिवराज्ञा’ ही तृतीया आहे: शिवराजाकडून. शिलालेख कोरणारा ‘बाय’ विसरला नाही! देवळात जाताना मुलांनी तो दगड कित्येकदा पाहिला असेल. तो वाचून ‘कोणी?’चे उत्तर सापडले की कर्मणी प्रयोग त्यांना परका राहत नाही. देऊळ पाडले याचा कर्ता, लिंग हलवले याचा कर्ता, देऊळ उभारले याचा कर्ता, असे तीन वेगळे कर्ते एकाच गोष्टीत मिळतात, आणि अंबर रूमच्या गोष्टीचा सांगाडाही अगदी हाच आहे.

मडगावकर

पेडण्याच्या सरांचा ‘कोणी?’ मला पूर्ण मान्य आहे, परंतु नार्व्याच्या दाखल्याबद्दल थोडी सावधगिरी सुचवतो. माझ्या वर्गात हिंदू आणि ख्रिस्ती मुले जवळजवळ निम्मी निम्मी असतात. ‘देऊळ कोणी पाडले?’ असे फळ्यावर आले की पुढची वीस मिनिटे इंग्रजी राहत नाही, आणि शेजारी बसणारी दोन मुले एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. सोळाव्या शतकातील राज्यकर्त्यांच्या कृत्याचे ओझे त्या बाकावरच्या मुलाने का वाहावे? इतिहास लपवावा असे मी म्हणत नाही. पस्तीस मिनिटांत तो नीट मांडता येत नाही, एवढेच म्हणतो.

त्याऐवजी मी पणजीच्या चर्चची घंटा घेतो. ती मुळात जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. पोर्तुगालने धार्मिक संघांवर बंदी घातल्यावर 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले, 1931 मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला, आणि घंटा मात्र 1871 पासून पणजीच्या चर्चवर वाजते आहे. पायऱ्यांवरून फोटो काढून घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या मागे ती असते. इथे एक गंमतही साधते: ‘छत कोसळले’ या वाक्यात कर्ता छतच आहे, तेव्हा ‘कोणी?’ चालत नाही, ‘का?’ विचारावे लागते, आणि उत्तर सात वर्षे मागच्या वाक्यात सापडते.

वेळ उरला तर त्याच मठाची दुसरी गोष्ट सांगता येते, आणि तिच्यात ‘रेलिक’चे दोन्ही अर्थ एकत्र येतात. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या आज्ञेने ठार मारण्यात आले, आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणला. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत जागेचे वर्णन होते; त्या आधारे केलेल्या उत्खननात हाताचे हाड सापडले, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून ते जॉर्जियन वंशाशी जुळत असल्याचे दाखवले. 2021 मध्ये भारत सरकारने त्या अवशेषांचा भाग जॉर्जियाला भेट दिला. मुलांना विचारावे: कागदपत्र हा पुरावा की ऐकीव गोष्ट? डीएनए आल्यावर काय बदलले? वाचनाच्या पाठात वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले साधन मला मिळालेले नाही.

पेडण्याचा निवृत्त शिक्षक

मडगावकरांचे म्हणणे रास्त आहे. माझ्या शाळेत तसा वर्ग नव्हता, म्हणून ते माझ्या ध्यानात आले नाही. तरीही नार्व्याच्या परिसरातील मुलांसमोर शिलालेखाचा तेवढाच दगड ठेवायला हरकत नसावी. त्यात फक्त बांधणाऱ्याचे नाव आहे, पाडणाऱ्याचे नाही.

डिचोलीची बाई

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही तास झाले, म्हणून कळवते.

पट्टी आणि कपट्यांचा प्रयोग केला. पावसाळी हवेमुळे पहिल्यांदा कपटे हललेच नाहीत आणि मागच्या बाकावर हशा पिकला. शेवटी एका मुलीच्या कोरड्या केसांवर पट्टी घासल्यावर एक कपटा उडून चिकटला. त्यानंतर ‘निळे छत’ कोणीही लिहिले नाही. ‘कोणी?’चे काम मुलांनी पेन्सिलीने केले, आणि पंधरा मिनिटे वर्गात फक्त रेघांचा आवाज होता. ‘रशियातील लोक दर्शन घेतात’ असे लिहिणाऱ्या मुलाने ‘वॉज रिबिल्ट’पुढे लिहिले, ‘बाय रशियन वर्कर्स, नॉट बाय द किंग’. व्याकरणाचा गुण मी पूर्ण दिला.

नार्व्याचा दगड मी घेतला, घंटाही घेतली, केतेवान राणीला वेळ पुरला नाही. मात्र चर्चा सुरू झाली ती माझ्या यादीत नसलेल्या प्रश्नावर. खोली नवी घडवली असेल तर तिला ‘रेलिक’ म्हणायचे का? उताऱ्याच्या शेवटी आहे की मूळ खोलीतील दगडी चित्रांपैकी एक 1997 मध्ये जर्मनीत ब्रेमेन शहरी सापडले. अर्धा वर्ग म्हणाला, तेवढेच खरे रेलिक, बाकी सगळी नक्कल. उरलेला अर्धा वर्ग नार्व्याच्या देवळाचे उदाहरण देऊन भांडला: ते 1668 मध्ये उभे राहिले, 2023 मध्ये सरकारने पुन्हा दुरुस्त केले, मग तेही नक्कल का? एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आतले लिंग जुने आहे ना?’

घंटा वाजली. मी त्यांना या प्रश्नावर इंग्रजीत आठ वाक्ये लिहून आणायला सांगितली आहेत, त्यातली किमान तीन कर्मणी आणि ‘बाय’सहित. सोमवारी वह्या येतील. मडगावकर सर, केतेवान राणीवरचा आपला उतारा आठवीला झेपेल एवढ्या लांबीचा असेल तर कृपया इथे द्यावा. पुढच्या महिन्यात एक तास मोकळा आहे.