कोकेन वापरणाऱ्यांच्या स्कॅनमधले फरक: कोकेनमुळे, की आधीपासूनचे?

चेतातंतू (धागाकर्ता)

कोकेन वापर विकार आणि मेंदू या विषयावर तासाभराचं सेमिनार द्यायचं आहे. समोर मानसशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी असतील. डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन), ट्रान्सपोर्टर (ते पेशीत परत ओढणारं प्रथिन) वगैरे मूलभूत भाग तयार आहे. गाडी अडलीय ती खालच्या तीन विधानांवर. प्रत्येक परीक्षण-लेखात ती येतात आणि दर वेळी सूर वेगळा असतो.

१. स्ट्रायटममधले (मेंदूच्या आतल्या, बक्षीस आणि सवयींशी संबंधित भागातले) डी२ रिसेप्टर (डोपामिनचा संदेश झेलणारी प्रथिनं) कमी होतात. कोकेनने कमी होतात, की ज्यांच्यात कमी असतात तेच व्यसनात अडकतात?

२. मेंदू जवळपास दुप्पट वेगाने म्हातारा होतो. (ग्रे मॅटरची, म्हणजे चेतापेशींची दाटी असलेल्या भागाची, घट वर्षाला ३.०८ मिली, निरोगी गटात १.६९ मिली.)

३. सोडल्यावर मेंदू पूर्ववत होतो. एक लेख म्हणतो काही आठवड्यांत, दुसरा म्हणतो वर्षानंतरही नाही.

शिवाय मेक्सिकोच्या खुल्या एमआरआय डेटावर (सुडमेक्स कॉन, ७४ रुग्ण आणि ६४ निरोगी) एक छोटं विश्लेषण करून दाखवायचा विचार आहे. त्यात काय काय सांभाळावं लागेल?

---

ट्रेसर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "दोन्ही" असं आहे, पण स्लाइडवर नुसतं तेवढंच लिहिलंत तर कोणीतरी पुरावा मागेल. म्हणून तो कसा जमला ते क्रमाने सांगतो.

१९९० च्या दशकात नोरा व्होल्कॉव्ह यांच्या गटाने कोकेन वापरणाऱ्यांच्या स्ट्रायटममध्ये डी२ची उपलब्धता कमी असल्याचं दाखवलं. कोकेन बंद होऊन काही महिने लोटल्यावरही ती कमीच होती, आणि जिथे डी२ कमी तिथे ऑर्बिटोफ्रंटल (डोळ्यांच्या वरच्या) भागातला ग्लुकोजचा वापरही कमी. पण माणसांचं स्कॅन होतं ते व्यसन लागल्यानंतर. आधीचं स्कॅन कोणाकडेच नसतं. त्यामुळे या अभ्यासांतून कार्यकारणभाव काढताच येत नाही, मग नमुना कितीही मोठा असो.

माकडांमुळे ही कोंडी फुटली. नेडर आणि सहकाऱ्यांनी (२००६) कोकेन कधीच न मिळालेल्या ऱ्हीसस माकडांचं आधी पेट स्कॅन (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा, म्हणजे ट्रेसरचा, माग घेणारं) केलं आणि नंतर त्यांना स्वतः कोकेन घेण्याची सोय दिली. निष्कर्ष दोन निघाले. ज्यांच्यात मुळात डी२ कमी, त्यांनी कोकेन जास्त वेगाने घेतलं. आणि सुरू केल्यापासून आठवड्याभरातच सगळ्यांचे डी२ १५ ते २० टक्क्यांनी उतरले, वर्षभर ते साधारण २० टक्क्यांनी खालीच राहिले. एकाच प्रयोगात आधीचा कल आणि नंतरचा परिणाम असे दोन्ही दिसले, म्हणून सेमिनारमध्ये एकच आलेख दाखवायचा असेल तर हा दाखवा.

डॅली आणि सहकाऱ्यांचा २००७ चा उंदरांवरचा अभ्यास "आधी" या बाजूचा आहे. उतावीळ, म्हणजे इशारा मिळण्याआधीच प्रतिसाद देणाऱ्या उंदरांमध्ये कोकेनचा थेंबही न मिळता न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्सच्या (स्ट्रायटममधल्या, बक्षिसाशी जोडलेल्या केंद्राच्या) परिसरातले डी२/डी३ (डी३ हे डी२चे भाऊबंद) कमी होते, आणि पुढे त्यांनीच कोकेन जास्त घेतलं.

"आधी" म्हणजे "जन्मजात" असं मात्र लिहू नका. मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी (२००२) एकेकटी ठेवलेली माकडं नंतर गटात ठेवली. वर्चस्व मिळालेल्या माकडांचे डी२ वाढले, दबलेल्यांचे नाही, आणि कोकेनची ओढ लागली ती दबलेल्यांना. एकेकटी असताना त्यांच्यात फरक नव्हता.

आता मोजमापातली मेख. पेटमध्ये रिसेप्टरची थेट संख्या मिळत नाही. किती रिसेप्टर ट्रेसरला मोकळे सापडले, ते मिळतं. रॅक्लोप्राइड हा ट्रेसर मेंदूतल्या डोपामिनशी जागेसाठी स्पर्धा करतो. डोपामिन जास्त असेल तर रिसेप्टर तितकेच असूनही आकडा कमी येतो. म्हणून शंका निघते, की कोकेनवाल्यांमध्ये डोपामिनच जास्त असेल. ती तपासायला डोपामिनची निर्मिती तात्पुरती थांबवणारं औषध देऊन पुन्हा स्कॅन करतात. तसं केल्यावर निरोगी गटाचा आकडा जास्त वाढला, कोकेन गटाचा कमी. म्हणजे कोकेन गटात मूळ डोपामिनच कमी होतं आणि डी२ची खरी तूट दिसते त्याहून मोठी असावी. आणखी एक: रॅक्लोप्राइड डी२ आणि डी३ वेगळे ओळखत नाही. डी३ला जास्त चिकटणारा पीएचएनओ हा ट्रेसर वापरला तर सबस्टान्शिया नायग्रा या मध्यमेंदूतल्या भागात कोकेनवाल्यांचा आकडा उलट जास्त येतो. त्यामुळे "डोपामिन रिसेप्टर कमी होतात" असं सरसकट विधान टाळा. कोणता रिसेप्टर, कोणता भाग, कोणता ट्रेसर हे तिन्ही लिहा.

अवांतर: मूलभूत भागात वेगाचा मुद्दा घेतलाय का? नशा जाणवायला ट्रान्सपोर्टरपैकी निदान ४७ टक्के अडवले जावे लागतात आणि नेहमीच्या मात्रांनी ६० ते ७७ टक्के अडतात, असं १९९७ च्या अभ्यासात दिसलं. अवधानाच्या विकारावर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेटही तेच ट्रान्सपोर्टर तितकेच अडवतं. पण शिरेतून दिलं तरी ते मेंदूतून निम्मं उतरायला सुमारे ९० मिनिटं घेतं आणि कोकेन सुमारे २०. पहिलं अजून बसलेलं असताना दुसरी मात्रा घेऊन तसाच झटका येत नाही. कोकेन मात्र झटपट जागा रिकामी करतं, म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं जातं. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटेल.

---

पिंजरा क्रमांक ४

ट्रेसर यांच्याशी सहमत. उंदरांचे अभ्यास वाचताना लोक जिथे हमखास घसरतात त्याबद्दल थोडं लिहितो.

या प्रयोगांत उंदीर लिव्हर दाबून शिरेतल्या नळीतून कोकेन घेतो. पण लिव्हर किती वेळा दाबला हा आकडा म्हणजे ओढ नव्हे. दर दाबाला एक मात्रा अशी मांडणी असेल तर मात्रा वाढवल्यावर दाब कमी होतात, कारण कमी दाबांत पोट भरतं. त्यामुळे "औषध दिल्यावर उंदराने लिव्हर कमी दाबला, म्हणजे औषध लागू पडलं" हा निष्कर्ष पोकळ असू शकतो. त्या औषधाने कोकेनचा परिणाम वाढवला असला तरी दाब कमीच होतील! ओढ मोजायची तर दर मात्रेगणिक किंमत वाढवत नेतात आणि उंदीर कोणत्या टप्प्यावर नाद सोडतो ते पाहतात. सोबत निष्क्रिय (दाबून काहीच न मिळणाऱ्या) लिव्हरचे आकडे हवेतच. दोन्ही लिव्हर वाढले असतील तर ती नुसती चुळबुळ आहे.

रोजचा अवधीही पाहा. अहमद आणि कूब यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की रोज १ तास कोकेन मिळणारे उंदीर आपलं प्रमाण स्थिर ठेवतात आणि ६ तास मिळणारे ते वाढवत नेतात. १ तासवाल्या अभ्यासाला "व्यसनाचं प्रारूप" म्हणणं म्हणजे जरा ताणणंच. बराच काळ कोकेन मिळूनही सगळे अडकत नाहीत. २००४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात तिन्ही निकष (मिळत नसतानाही शोध, प्रचंड मेहनतीची तयारी, शिक्षा होऊनही चालू ठेवणं) पूर्ण करणारे उंदीर सुमारे १७ टक्के होते. गटाच्या सरासरीत हे सतरा टक्के बुडून जातात.

तुलनेच्या गटात केवळ सलाइनवाले उंदीर पुरत नाहीत. जोडीदार उंदीर हवा, म्हणजे पहिल्याने लिव्हर दाबला की त्याच क्षणी तितकीच मात्रा दुसऱ्याला आपोआप मिळेल असा. दोघांत फरक दिसला तर तो स्वतः घेण्याचा, शिकण्याचा परिणाम. फरक नसेल तर दिसलेला परिणाम रसायनाचा.

पद्धतीच्या भागात कॅथेटरची तपासणी लिहिली आहे का तेही बघा. गळ्याजवळच्या शिरेतली नळी काही आठवड्यांत गुठळीने बंद पडते किंवा गळते. मग उंदीर लिव्हर दाबतो पण रक्तात काही पोचत नाही, आणि तो "सुधारला" असं नोंदलं जातं. अल्पकाळ टिकणारं भुलीचं औषध नळीतून दिल्यावर काही सेकंदांत स्नायू सैल पडले तर नळी चालू. ही चाचणी आणि बाद केलेल्या उंदरांची संख्या, दोन्ही दिलेली नसतील तर त्या अभ्यासावर फार भिस्त ठेवू नये.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: "पूर्ववत" हा शब्द कशाबद्दल वापरलाय ते आधी विचारा. एकदाच दिलेल्या कोकेनने मेंदूच्या व्हीटीए (डोपामिन पेशींचं एक मूळ ठिकाण) भागातल्या डोपामिन पेशींचे सायनॅप्स (पेशींमधले सांधे) बळकट होतात. तो बदल ५ दिवस टिकतो, १० दिवसांनी नसतो (उंगलेस, २००१). हे उलटतं. याच्या नेमकी उलट दिशा म्हणजे तलफ मुरणं. ग्रिम आणि सहकाऱ्यांनी (२००१) कोकेन बंद केलेल्या उंदरांना वेगवेगळ्या दिवशी फक्त कोकेनशी जोडलेले इशारे दाखवले. पहिल्या दिवसापेक्षा दोन महिन्यांनंतर लिव्हर जास्त दाबला गेला. काहीच न करता, पिंजऱ्यात बसल्याबसल्या तलफ वाढली. याच्या मुळाशी अ‍ॅक्युम्बन्समध्ये साधारण महिनाभराने जमणारे ग्लुए२ नसलेले एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेट या उत्तेजक संदेशवाहकाचे रिसेप्टर; ग्लुए२ हा त्यांचा एक घटक) आहेत. ते अडवले की वाढलेली तलफ उतरते. म्हणजे डी२ हळूहळू सावरत असताना ग्लुटामेटची बाजू बिघडत चाललेली असू शकते. दोन लेखांचे सूर जुळत नाहीत त्याचं मोठं कारण हेच.

---

व्हॉक्सेल

दुसऱ्या विधानाबद्दल. ३.०८ आणि १.६९ हे आकडे बरोबर आहेत, २०१३ मध्ये एर्शे आणि सहकाऱ्यांनी दिलेले. पण प्रत्येकाचं स्कॅन एकदाच झालंय. "वर्षाला" हा शब्द वेगवेगळ्या वयाच्या माणसांमधून ओढलेल्या रेषेच्या उतारातून आला आहे, एकाच माणसाचा मेंदू वर्षभराने पुन्हा मोजून नव्हे. पन्नाशीतले वापरकर्ते विशीतल्यांपेक्षा वेगळ्या पिढीचे, वेगळ्या दारू-सिगारेटच्या सवयींचे असतात. स्लाइडवर "वयाशी असलेला संबंध जास्त तीव्र" असं लिहा. "म्हातारा होतो" हे बातमीला ठीक.

त्याच गटाचा २०१२ चा भावंडांचा अभ्यास मात्र जरूर घ्या. उत्तेजकांच्या व्यसनात अडकलेली ५० माणसं, त्यांची व्यसन नसलेली सख्खी भावंडं आणि ५० असंबंधित निरोगी. थांबण्याच्या (सुरू केलेली हालचाल ऐनवेळी रोखण्याच्या) चाचणीत भावंडंही कमी पडली आणि फ्रंटोस्ट्रायटल (कपाळामागचा मेंदू ते स्ट्रायटम) जोडण्यांतले काही फरक त्यांच्यातही सापडले. भावंडं न घेता केलेल्या अभ्यासात हे सगळं कोकेनच्या नावावर जमा झालं असतं.

आता तुमचं विश्लेषण. सगळ्यात आधी डोक्याची हालचाल. रुग्ण गट सहसा जास्त हलतो, आणि टी१ (मेंदूची रचना दाखवणाऱ्या एमआरआय) प्रतिमेत हालचालीमुळे कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) पातळ आणि ग्रे मॅटर कमी दिसतं. म्हणजे तुम्ही शोधताय तोच परिणाम हालचालीने फुकटात मिळतो. रेस्टिंग स्कॅनमधून (माणूस नुसता पडून असताना घेतलेल्या प्रतिमांच्या, म्हणजे फ्रेमच्या, मालिकेतून) निघणारी सरासरी हालचाल दोन्ही गटांत मोजा आणि संरचनेच्या विश्लेषणातही ती घाला, कारण टी१ मध्ये हालचाल वेगळी मोजलेली नसते. रेस्टिंगमध्ये ०.५ मिमीपेक्षा जास्त हललेल्या फ्रेम वगळण्याची पद्धत आहे. वगळल्यावर प्रत्येकाची किती मिनिटं उरली ते लिहा. फार कडक चाळणी लावली तर सगळ्यात उतावीळ रुग्ण बाहेर पडतील आणि फरक कृत्रिमरीत्या पुसला जाईल. म्हणून दोन मर्यादा लावून दोन्ही निकाल दाखवा.

मग तंबाखू. रुग्णांत बहुतेक सिगारेट ओढणारे आणि निरोगी गटात मोजकेच, अशी स्थिती नेहमीची. अशा वेळी सिगारेट सहचल (हिशेबात धरलेला जादा घटक) म्हणून घालून काही साधत नाही, कारण तो जवळजवळ गटाचाच दुसरा शिक्का असतो आणि मॉडेलला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. दोन्ही गटांतले ओढणारेच घेऊन लहान तुलना वेगळी करा. संख्या घटेल, पण उत्तर प्रामाणिक येईल. दारूचंही तसंच. कोकेन आणि दारू एकत्र असतील तर यकृतात कोकाइथिलीन बनतं आणि ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं.

"किती वर्षं वापरलं" आणि ग्रे मॅटर यांचा संबंध दाखवायचा मोह होईल. वापराची वर्षं वयाबरोबर वाढतातच, त्यामुळे वय न घालता काढलेला तो आलेख निरर्थक असतो.

बोल्ड संकेत (एमआरआयमध्ये रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलातून मिळणारा) वापरणार असाल तर लक्षात घ्या, कोकेन रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि दीर्घकाळ वापरणाऱ्यांत रक्तपुरवठाच कमी असू शकतो. बोल्ड चेतापेशी मोजत नाही, रक्तातला बदल मोजतो. रक्तपुरवठ्याचं वेगळं मोजमाप नसेल तर "प्रीफ्रंटल क्रिया कमी" याऐवजी "प्रीफ्रंटल बोल्ड प्रतिसाद कमी" असं लिहा.

---

चेतातंतू (धागाकर्ता)

फारच उपयोगी, धन्यवाद. भावंडांचा अभ्यास यादीत नव्हता, आता घेतो. एक शंका: उंदरांतली तलफ मुरणं माणसात दिसतं का? आणि "सोडून ३ महिने झाले" हे संशोधक ठरवतात कसं, रुग्णाच्या शब्दावर?

---

ओपीडी

दुसऱ्यापासून सुरुवात करतो. शब्दावर कोणी ठरवू नये. लघवीत कोकेन नव्हे, त्याचं विघटनद्रव्य बेंझॉइलएक्गोनिन तपासतात. संशोधनात ३०० नॅनोग्रॅम प्रति मिली ही मर्यादा बरीच वापरली जाते. एका वापरानंतर ते साधारण २ ते ४ दिवस सापडतं, म्हणून आठवड्यातून ३ नमुने घ्यावे लागतात. आठवड्याला एकच घेतला तर मधला वापर सहज निसटतो. उलट बाजूने, रोज भरपूर घेणाऱ्याचा नमुना सोडल्यानंतरही बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतो. तेव्हा सलग नमुन्यांचे आकडे पाहून ते उतरत आहेत का हे बघतात. लघवीत पाणी मिसळलं की आकडा घसरतो, त्यामुळे क्रिएटिनिनशी (शरीर साधारण एकाच वेगाने लघवीत टाकतं त्या द्रव्याशी) गुणोत्तर घ्यावं लागतं. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह देणाऱ्या अभ्यासात यातलं काहीच कळत नाही.

माणसांतल्या तलफेबद्दल २०१६ चा परवाझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहा. शेवटच्या वापराला २ दिवस, १ आठवडा, १ महिना, ६ महिने आणि १ वर्ष झालेले गट घेतले आणि कोकेनची चित्रं दाखवून ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) केला. विचारल्यावर सांगितलेली तलफ काळानुसार सरळ उतरत गेली. ईईजीतला प्रतिसाद मात्र आधी चढला, १ ते ६ महिन्यांच्या दरम्यान शिखरावर होता आणि नंतर उतरला. म्हणजे "आता काही वाटत नाही" असं रुग्ण खरेपणाने सांगत असतानाच इशाऱ्यांची पकड सगळ्यात घट्ट असू शकते. हेही वेगवेगळ्या माणसांचे गट आहेत, त्यामुळे व्हॉक्सेल यांचा आक्षेप इथेही लागू होतो. जे लवकर पुन्हा वळले ते वर्षाच्या गटात पोचलेच नाहीत.

उपचारांवर एक स्लाइड ठेवणार असाल तर: अमेरिकेच्या औषध नियामकाने कोकेन वापर विकारासाठी आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. डायसल्फिराम, टोपिरामेट, मोडाफिनिल अशी बरीच तपासून झाली, निकाल उलटसुलट. लसीच्या २००९ च्या चाचणीत परिणामकारक पातळीइतकी प्रतिपिंडं फक्त ३८ टक्के लोकांत तयार झाली. सर्वांत भक्कम पुरावा बक्षीस-पद्धतीचा आहे. नमुना निगेटिव्ह आला की लगेच छोटं बक्षीस, सलग निगेटिव्हवर ते वाढत जाणारं, एक पॉझिटिव्ह आला किंवा नमुना चुकवला की पुन्हा पहिल्या पायरीवर. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, निकाल प्रयोगशाळेतून दोन दिवसांनी आणून मग बक्षीस दिलं जातं, आणि वागणं व बक्षीस यांची जोडच लागत नाही. म्हणून जागच्या जागी निकाल देणारी पट्टी वापरतात. दुसरं, खर्च वाचवायला बक्षीस इतकं लहान ठेवतात की परिणामच दिसत नाही, आणि मग पद्धतच कुचकामी ठरवली जाते. एखाद्या चाचणीत ती "चालली नाही" असं वाचलंत तर बक्षिसाचा आकार आणि निकालाला लागलेला वेळ हे दोन रकाने आधी शोधा.