जकात आणि शब-ए-कद्र

प्रश्न असा: जकात, म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेलं वार्षिक दान, शब-ए-कद्रलाच, म्हणजे रमजानमधल्या सर्वांत पवित्र रात्रीच, द्यायची असते का? तसं बंधन नाही. निसाबाइतक्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेइतक्या, मालावर चांद्र वर्ष पुरं झालं की अडीच टक्के देणं लागतं. फित्रा, म्हणजे रमजान संपताना गरिबांना द्यायचं दान, मात्र ईदच्या नमाजाआधी पोचायलाच हवा. माझं म्हणणं, दोन दिवस आधीच द्या, घेणाऱ्याला सणाची खरेदी तरी करता येते.

कुराणात शब-ए-कद्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ म्हटलीय, तारीख दिलेली नाही. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींपैकी विषम रात्रींत ती शोधायची. आमच्या मुंब्र्यात सत्ताविसाव्या रात्री मशिदी सहेरीपर्यंत, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत, गजबजलेल्या असतात. शेजारच्या चाची मात्र पाचही विषम रात्री सदका, म्हणजे ऐच्छिक दान, देतात: तांदूळ, तेल, शेवयांची पिशवी कुणाच्या तरी कडीला अडकवायची, बेल न वाजवता परतायचं. मला ही रीत मनापासून पटते.