वेंगुर्ल्यात सात दिवस, दोघांनीच : किती आखावे आणि किती मोकळे सोडावे?

सर्वांना नमस्कार.

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, सांगलीला राहते. बँकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली आणि पतीला जाऊन सात. गेल्या हिवाळ्यात बसने नर्मदा परिक्रमा केली, तेव्हा त्याच बसमध्ये नाशिकचे एक गृहस्थ भेटले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, विधुर, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. नर्मदा ओलांडायची नाही हा परिक्रमेचा दंडक आम्ही दोघांनी निष्ठेने पाळला. बाकीचे काही संकोच मात्र नंतरच्या फोनवरील गप्पांत हळूहळू गळून पडले. रोज रात्री साडेआठला फोन असतो, आणि पाच वेळा आम्ही पुण्यात, म्हणजे साधारण मध्यावर, भेटलो आहोत. दोन्हीकडच्या मुलांना सर्व ठाऊक आहे. माझ्या लेकीने ‘आई, लोकेशन चालू ठेव’ एवढेच बजावले. तेव्हा घरच्यांना कसे सांगावे, लग्न करावे की नाही, यावर कृपया सल्ला नको.

संक्रांतीनंतरचा एक आठवडा वेंगुर्ल्याला जाऊन राहायचे ठरले आहे. ते मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला उतरणार (त्या गाडीतील खाण्याची ख्याती त्यांनी ऐकली आहे) आणि मी गाडी घेऊन फोंडा घाटाने उतरून त्यांना स्थानकावर घ्यायला जाणार. अडचण प्रवासाची नाही. परिक्रमेत आम्ही कित्येक दिवस बरोबर होतो, पण चाळीस माणसांत. दोघेच असे सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त कधी राहिलेलो नाही.

गेल्या रविवारी त्यांनी सात दिवसांचे वेळापत्रक आलेखाच्या कागदावर आखून त्याचा फोटो पाठवला. दर अर्ध्या तासाला एक चौकोन, प्रवास निळ्या शाईत, जेवणे हिरव्या. सागरेश्वरचा किनारा, रेडीचा गणपती, तेरेखोलचा किल्ला, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडा, असे काहीही सुटलेले नाही. आणि रोज दुपारी अडीच ते चार या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहिले आहे, ‘विश्रांती (स्वतंत्र)’. तो फोटो मी दोन बोटांनी मोठा करून चार वेळा पाहिला. हा कंस माझी सोय पाहून घातला आहे की त्यांची, हे अजून विचारलेले नाही. आम्ही एकमेकांना अजून अहो-जाहोच करतो.

मला खरे तर मजा करायची आहे, आणि माझ्या मते मजा त्या चौकोनांत कमी आणि चौकोनांच्या मधल्या रेघांवर जास्त असते. सकाळी मासळीबाजारात उगाच भाव विचारत हिंडावे, पडवीत बसून ओला नारळ खवता खवता गप्पा माराव्यात, एखाद्या संध्याकाळी कुठेच जाऊ नये. परंतु दुसरी बाजूही मनात येते. पतीबरोबर तीस वर्षांत गप्प बसणे आपोआप जमून गेले होते, तसे इथे जमेल का? साडेआठच्या फोनचे विषय दुसऱ्याच दिवशी संपले, तर मग त्यांचा आलेखाचा कागदच आधाराला येईल, अशीही भीती वाटते. ज्यांनी नव्या जोडीदाराबरोबर पहिलाच मोठा प्रवास केला आहे, विशेषतः उतारवयात, त्यांनी किती आखले होते आणि त्यातले किती प्रत्यक्षात पाळले, हे सांगितल्यास फार बरे होईल.

वेळापत्रकात तिसऱ्या दिवशी मालवण आहे. तिथे मी १९९३ साली, कोकण रेल्वे नव्हती तेव्हा, पतीबरोबर एस.टी.ने गेले होते आणि सिंधुदुर्ग किल्ल्यातील महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आम्ही दोघांनी ओणवे होऊन पाहिले होते. वेंगुर्ले निवडले ते मुद्दाम, तिथे माझी काहीच आठवण नाही म्हणून. पण ह्या गृहस्थांना भर समुद्रातल्या त्या किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहायच्या आहेत, आणि आयुष्यभर पाण्याचे काम केलेल्या माणसाला त्या पाहू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? कारण आधी सांगावे, की न बोलता बरोबर जावे?

राहण्यासाठी एका घरगुती निवासात एकाच पडवीवर उघडणाऱ्या दोन खोल्या मिळत आहेत. अविवाहित प्रौढ स्त्री-पुरुषांनी एकत्र राहण्याला कायद्याची आडकाठी नाही, हे मी जाणते; मद्रास उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. मला चिंता ओळखपत्रावरील वेगळ्या आडनावांची नसून, सकाळी चहा आणून देताना घरची मालकीण मायेने जे विचारेल त्याची आहे. ‘मिस्टर’ म्हणणे खोटे, ‘मित्र’ म्हणणे अपुरे आणि ‘सहचर’ म्हटले तर चहा निवून जाईल. तुम्ही काय म्हणता?

जेवणाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ते शाकाहारी आहेत, मी बांगड्याचे तिखले सोडणार नाही, आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे व आंबोळ्या यांवर त्यांचे भागेल. वेंगुर्ल्यात दोन्ही नीट देणारी खानावळ कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.

आणखी एक. त्या आठवड्यात आसपासच्या एखाद्या गावात जत्रेनिमित्त दशावताराचा प्रयोग असल्यास स्थानिकांनी जरूर सांगावे. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते, आणि हे गृहस्थ रोज फोन ठेवून साडेनऊला झोपणारे आहेत. त्यांच्या कागदावर रात्री दहानंतरचे चौकोनच नाहीत, त्यामुळे तेवढा भाग मी माझा समजते.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडते आणि ते त्या दिवशी पावणेआठलाच बसणार आहेत. तिकिटे निघाली की वेळापत्रकही पक्के झाले असे ते धरून चालतील, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी उत्तरे मिळाल्यास मला त्यांच्याशी बोलता येईल.