निवृत्त फौजीच्या मताला कोणत्या विषयात किती वजन द्यावे?

प्रश्न : तोफखान्यातला

नमस्कार. मी २०२० साली तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. अठ्ठावीस वर्षे नोकरी झाली. आता सातारा तालुक्यातल्या आमच्या गावी शेती बघतो आणि पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवतो. माझी अडचण जरा विचित्र आहे, म्हणून ती सविस्तर मांडतो.

१४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकातला भारत-पाकिस्तान सामना होता. आदल्या संध्याकाळी आमच्या पारावर वाद पेटला. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली, त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झाले, आणि चार महिन्यांत पुन्हा त्यांच्याशी क्रिकेट खेळायचे, हे निम्म्या लोकांना अजिबात पटत नव्हते. उरलेल्यांचे म्हणणे असे, की स्पर्धा अनेक देशांची आहे आणि मैदान सोडून समोरच्याला फुकटचे गुण का द्यावेत. बराच वेळ कोणी मागे हटेना, तेव्हा एक जण म्हणाला, "सुभेदारसाहेबांना विचारा, ते म्हणतील ते फायनल." सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघू लागले आणि मला काही बोलता येईना.

बोलता न येण्याचे कारण १९९९ सालचे आहे. कारगिलच्या वेळी मी द्रासच्या बाजूला बोफोर्स तोफेवर होतो. त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता आणि ८ जूनला मँचेस्टरला आपला सामना पाकिस्तानशी झाला. आमच्याकडे एक लहान ट्रान्झिस्टर होता. थंडीने सेल बसू नयेत म्हणून तो लोकरी मोज्यात घालून ठेवलेला असे, आणि आवाज धरेना की मोज्यासकट जाळीच्या खांबाला लटकवला जाई. फायर ऑर्डर आली की आम्ही तोफेकडे धावायचो आणि तो मोजा एकटाच बडबडत राहायचा; परत येऊन कान लावावा, तर तेवढ्यात एखादी विकेट पडलेली असायची. व्यंकटेश प्रसादने पाच बळी घेतले आणि आपण ४७ धावांनी जिंकलो. तोलोलिंगचे शिखर तोवर शत्रूकडेच होते, ते १३ जूनला आपल्या हाती आले. त्या रात्री आम्ही आनंद केला, हे मी लपवणार नाही. लढाई चालू असताना हे लोक खेळतात कसे, हा विचार निदान आमच्या तोफेवर कोणाच्या मनात आला नाही, आणि खेळावे की नाही हे आम्हाला कोणी विचारलेही नव्हते.

पहलगामला मात्र मेले ते सहलीला गेलेले साधे लोक, ज्यांनी कसलीही शपथ घेतली नव्हती. त्यामुळे या वेळी माझेच मन दोन्हीकडे ओढले जात होते. पण माझा प्रश्न त्या सामन्यापुरता नाही. पाकिस्तानशी क्रिकेट असो, चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना असो, निवडणूक असो, अगदी गावची पाण्याची टाकी कुठे बांधावी हे असो, "फौजी म्हणतोय" एवढ्यावर वाद बंद होतो. मध्यंतरी एका पक्षाचे कार्यकर्ते घरी आले आणि सभेला ब्लेझरवर पदके लावून व्यासपीठावर बसा म्हणाले. मी नकार दिला, पण तो बरोबर होता की निव्वळ भिडस्तपणा होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही. निवृत्त सैनिकाने चालू घडामोडींवर बोलावे का, आणि बोलला तर लोकांनी ते कितपत मानावे?

उत्तर १ : दर्यावरचा

सुभेदारसाहेब, जय हिंद. मी नौदलात पंधरा वर्षे काढली, आता दापोलीला असतो. आधी कायद्याचे बोलू. नोकरीत असताना वर्तमानपत्रात लिहायला आणि राजकारणात भाग घ्यायला जी बंदी असते, ती निवृत्तीनंतर राहत नाही. नोकरीतली गुपिते तेवढी जन्मभर पोटातच ठेवायची, कारण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तांनाही सुटलेला नाही. बाकी तुम्ही माझ्यासारखेच मोकळे नागरिक आहात.

पदके लावून व्यासपीठावर न बसण्याचा निर्णय मला शंभर टक्के पटला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर जवानांची छायाचित्रे प्रचाराच्या फलकांवर झळकू लागली, तेव्हा निवडणूक आयोगाला ९ मार्चला सगळ्या पक्षांना समज द्यावी लागली होती, आणि तीही २०१३ च्या जुन्या सूचनेची आठवण करून देऊन. पदक सरकार देते, पण ते ज्या कामासाठी मिळते त्या कामाला पक्ष नसतो. तुम्हाला भाषण करायचे असेल तर साध्या सदऱ्यात करा, ब्लेझर कपाटात असू द्या.

मात्र तुमच्या प्रश्नात "आपण गप्प बसलेलेच बरे" असा जो सूर आहे, त्याला माझा विरोध आहे. आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते, तेव्हा त्यांनी १९६० साली लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेतला आणि ईशान्य सीमेवर चीन कसा उतरेल, आपली ठाणी कुठे तुटतील, याचा अंदाज वरपर्यंत कळवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो घबराट पसरवणारा वाटला. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात चिनी फौजा उतरल्या. ते सारे आधी चारचौघांत बोलले गेले असते तर काय घडले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण जाणकाराने फाईलमध्ये लिहिले आणि ते फाईलमध्येच राहिले, याची किंमत कोणी मोजली ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण आपल्या खिशातले आहे. 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखे निवृत्तिवेतन, ही मागणी कित्येक वर्षे कागदावरच फिरत होती. २०१५ च्या जूनमध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले, तेव्हा माझ्याच घरात मला ऐकवले गेले, की फौजी माणसाला रस्त्यावर बसणे शोभत नाही. १४ ऑगस्टला पोलिसांनी त्या म्हाताऱ्या माणसांना तिथून हटवायचा प्रयत्न केला, ती दृश्ये पाहताना मला जेवण गेले नव्हते. नोव्हेंबरात आदेश निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. त्यातल्या त्रुटींवर पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले, २०२२ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला, तरी मूळ पदरात जे पडले ते बोलल्यामुळेच पडले. तेव्हा बोला. पाण्याच्या टाकीबद्दलही बोला, फक्त तिथे तुमचा हुद्दा मोजू नका म्हणून आधीच बजावा.

उत्तर २ : माध्यमिक शाळेतला क्रीडाशिक्षक

सुभेदारसाहेबांच्या पारावरचे एक गृहीत मला खटकते, ते म्हणजे फौज आणि खेळ यांचा संबंध आला की तो भारत-पाकिस्तान क्रिकेटचाच असणार. फौजी माणसाला खेळाबद्दल विचारायचेच असेल, तर फौजेने जे खेळाडू घडवले त्यांच्याबद्दल का विचारत नाहीत? सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक विश्वविक्रमासह जिंकले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. तोवर माझ्या वर्गात त्यांचे नाव ऐकलेला एकही विद्यार्थी नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही ते उशिराच ऐकले.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहून आला, आणि मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले. सुवर्ण जिंकणारा केनियाचा धावपटू त्याच्या पुढे होता तो अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. या शर्यतीची तिन्ही पदके १९९८ पासून दर वेळी केनियालाच जात होती. पुढच्या वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत साबळेने सुवर्ण घेतले. त्या दोन्ही दिवशी तुमच्या पारावर किती जण टीव्हीपुढे होते, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

सामन्याबद्दल माझे मत साधे आहे. क्रीडा मंत्रालयाने २१ ऑगस्ट २०२५ रोजीच धोरण जाहीर केले होते, की पाकिस्तानशी द्विपक्षीय मालिका खेळायच्या नाहीत, पण अनेक देशांच्या स्पर्धांत खेळायचे. हे धोरण चूक वाटत असेल तर सरकारला जाब विचारावा. अकरा खेळाडूंच्या आणि एका निवृत्त सुभेदाराच्या डोक्यावर ते ओझे टाकू नये. जुलैमध्ये इंग्लंडला माजी खेळाडूंच्या स्पर्धेत आपल्या संघाने पाकिस्तानशी खेळायला नकार दिला, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि त्याचा मान ठेवायला माझी काही हरकत नाही.

उत्तर ३ : गडहिंग्लजकर

दादा, माझे यजमान २००३ साली काश्मीरमध्ये शहीद झाले. तुम्हाला पारावर विचारतात, तसे मला दर पंधरा ऑगस्टला विचारतात. शाल आणि श्रीफळ हातात दिले की कोणीतरी मोबाइल पुढे करतो आणि पाकिस्तानबद्दल काय वाटते ते सांगा म्हणतो. पहिली काही वर्षे मी त्यांना हवे तेच बोलत होते, कारण दुसरे काही बोलले तर माझ्या नवऱ्याचा अपमान केला असे होईल, असे वाटायचे. एका वर्षी मी म्हणाले, की एका कचेरीत माझ्या सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचा कागद चौदा महिने पडून आहे, तेवढे लिहा. ते कोठेच छापून आले नाही.

सामना माझ्या मुलाने पाहिला. मी स्वयंपाकघरात होते, पण गुण किती झाले ते दोनदा विचारले. तुम्हाला उत्तर सुचले नाही, यात मला तरी काही गैर दिसत नाही.

उत्तर ४ : सोळाशेवाला

साहेब, मी कोरेगावचा आहे, वय एकोणीस. क्रिकेटवर तुम्ही नाही बोललात तरी चालेल, पण अग्निपथवर बोलाच. आम्हाला एक बाजू सांगते, की चार वर्षांनी पावणेबारा लाखांच्या आसपास निधी हातात येईल आणि तू तेवीस-चोवीस वर्षांचा मोकळा असशील. दुसरी बाजू सांगते, की चारातला एकच पुढे राहणार, निवृत्तिवेतन नाही, मग कशाला मरतोस. दोन्ही बाजू सांगणाऱ्यांपैकी एकानेही कधी भरतीचे मैदान पाहिलेले नाही. भरतीच्या सोळाशे मीटर धावण्यात माझी वेळ ५ मिनिटे ५२ सेकंद आहे, बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणे) आठ होतात.

प्रश्नकर्ता : तोफखान्यातला

सर्वांचे आभार. दर्यावरचे साहेब, थोरातसाहेबांचे उदाहरण मला लागले. गडहिंग्लजच्या ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. माझ्या ओळखीत वारस नोंदीची कामे पार पाडलेले एक निवृत्त हवालदार आहेत, तुम्हाला चालणार असेल तर त्यांच्याशी गाठ घालून देतो.

क्रीडाशिक्षकांनी विचारले त्याचे खरे उत्तर असे, की साबळेची शर्यत आमच्या गावात मी आणि माझा पुतण्या अशा दोघांनीच पाहिली.

दुबईच्या सामन्यानंतर आपल्या खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही, त्यावरही मला विचारले गेले. मी पोरांना एक गोष्ट सांगितली. टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे) इतक्या जिद्दीने लढून पडला, की आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या शौर्याबद्दलची चिठ्ठी त्याच्या देहासोबत पाठवली आणि त्याला पुढे त्याच्या देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. हा लढणाऱ्यांचा आपापसातला रिवाज आहे. खेळाडूंनी तसेच वागावे असा माझा आग्रह नाही, पण फौजीच्या नावाने कोणी उलटे सांगत असेल तर ही बाजूही त्याला माहीत असावी.

अग्निपथबद्दल मी बोलतो, कारण तिथे माझा हिशेब चोख आहे. सैन्याचे सरासरी वय बत्तिसावरून सव्विसावर आणायचे, हा हेतू मला मान्य आहे. डोंगरात चढताना वय काय करते ते मी पाहिले आहे. पण मी १९९२ साली अठराव्या वर्षी भरती झालो. नाशिकरोडच्या केंद्रात शिकलो, मग तोफेवर आलो. पहिली दोन वर्षे मी नुसता गोळे वाहत होतो. तोफेचा आवाज बिघडला की कुठे हात घालायचा, हे अंगात मुरायला चौथे वर्ष उजाडले. आजचा नियम तेव्हा असता तर आमच्यातले चारातले तीन १९९६ लाच घरी आले असते आणि १९९९ च्या जूनमध्ये त्या तोफेवर वेगळीच पोरे असती. ती धीट असती याबद्दल मला शंका नाही, हात किती बसलेला असता एवढीच शंका आहे. अग्निपथची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस केंद्रांत दाखल झाली, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. ठेवून घेण्याचा आकडा वाढवावा, असे माझे मत आहे, आणि हे मी सुभेदार म्हणूनच सांगतो.

सोळाशेवाला, तू जा की नको हे मी सांगणार नाही. आईवडिलांशी बसून बोल, आणि तो निधी म्हणजे जन्माची सोय नव्हे, एवढे लक्षात ठेव. पाच बावन्न म्हणजे तू तिसऱ्या फेरीत ढिला पडतोस. सगळ्यांचे तसेच होते, कारण पहिली फेरी दुसऱ्याला बघून पळतात. बीमसाठी रोज संध्याकाळी उलट्या पकडीने लटकायची सवय कर. रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर ये. रिकाम्या पोटी येऊ नकोस, एक केळे खाऊन ये.