व्याकरण आपोआप येतं म्हणे! आमच्याकडे तरी आलं नाही

मानपाड्याची आई
परवा होमस्कूलवाल्यांत फिरलेली पोस्ट तुम्हीही वाचली असेल. सार असं: व्याकरणाचं पुस्तक आणणं म्हणजे ज्या शाळेतून पोराला सोडवलं तीच मागच्या दाराने घरात घेणं. मूल वाचत राहिलं की व्याकरण आपोआप येतं. आठवीपर्यंत हातच लावू नका. खाली नुसता बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

माझा मुलगा बारा वर्षांचा, शाळा सोडून दोन वर्षं झाली. वाचनाचं म्हणाल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात मला भाजीसारखी पिशवी घेऊन जावं लागतं. रिक्षातसुद्धा पुस्तक. गेल्या महिन्यात येऊरला जाऊन आल्यावर त्याने पानभर लिहिलं. त्यातलं एक वाक्य: 'आम्ही वर गेलो आणि एक माकड बघितलो.' मी म्हटलं, 'बघितलं' लिही. तो म्हणाला, "'गेलो' बरोबर, मग 'बघितलो' का चूक?" मी काय सांगणार, कपाळ? "असंच म्हणतात," म्हणून मोकळी झाले. त्याचा चेहरा बघितला आणि वाटलं, हेच ऐकायचं होतं तर शाळा काय वाईट होती.

मग पुस्तकं धुंडाळली. इंग्रजी व्याकरणाचं रेन अँड मार्टिन हायस्कूलचं आहे, ते नावातच लिहिलंय. सातवीच्या पोराला त्याचं वजनच जास्त. मैत्रिणीकडून अमेरिकेतला होमस्कूलचा संच आणला. त्यात वाक्याची आकृती काढतात, आडव्या रेघेवर कर्ता आणि क्रियापद, मधे उभी रेघ. पोरगा खूश. पण उदाहरणं सगळी बेसबॉलची, आणि 'अ' नि 'द' या आर्टिकलना दोनच पानं. बरोबर आहे, तिकडच्या पोरांचं ते चुकतच नाही. आपण नेमके तिथेच धडपडतो. बालभारती फुकट उतरवून घेता येते, पण 'खेळूया शब्दांशी'मध्ये व्याकरण चिमूटचिमूट, मीठ टाकावं तसं.

शेवटी वाळंब्यांचं मराठी व्याकरण काढलं. ते स्पर्धा परीक्षावाल्यांच्या टेबलावरचं, मला भीतीच होती. प्रयोगाच्या प्रकरणात उलगडा झाला. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं. 'त्याने माकड बघितलं' यात 'ने' डोळ्यांना दिसतो, 'मी' आणि 'आम्ही' यांत तो दिसतच नाही, म्हणून पोर फसतं. दहा मिनिटांचं काम. नंतर दिवसभर आजीच्या प्रत्येक वाक्याचा प्रयोग ओळखत हिंडत होता.

तेव्हा आमचं ठरलंय: रोज वीस मिनिटं, आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. यात शाळा कुठून आली ते त्या पोस्टवाल्यांनी सांगावं.

खारघरचा बाप
पोस्टवाला मीच. सांगतो.

माझी मुलगी तेरा वर्षांची. व्याकरणाचं एक पानही न उघडता इंग्रजीत गोष्टी लिहिते, आणि चांगल्या लिहिते. हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत १९६३ साली ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ला जातो, असं त्यांनी स्वच्छ म्हटलंय. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. व्याकरणाचा परिणाम चक्क उणे निघाला.

आणि ताई, तुमचा तो दहा मिनिटांचा नियम. 'मी चहा प्यायलो.' चहा कर्म आहे ना? 'मी मराठी शिकलो.' 'मी वही विसरलो.' आता मुलाला काय सांगाल?

निवृत्त शिक्षक, नौपाडा
चौतीस वर्षे सातवी-आठवीला मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवले. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे हे अपवाद आहेत, आणि अपवाद पाठ करायचे असतात. आम्ही केले, मेलो नाही. रेन अँड मार्टिनचे वजन होते म्हणे! आमच्या काळी तर्खडकरांच्या इंग्रजी शिकवणाऱ्या पाठमालेतली भाषांतरे करून पोरे कचेरीत इंग्रजी पत्रे लिहू लागली.

आणि बाई, व्याकरणाचा पुरस्कार करताना तुम्ही स्वतः 'असं, केलं, म्हटलं' लिहिता. 'असे, केले, म्हटले' लिहा. सुरुवात घरापासून व्हावी.

कळव्याचा मुद्रितशोधक
सर, बोलण्याच्या ढंगात लिहिताना तो अनुस्वार चालतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ चे, ४ वाढवले १९७२ साली. पन्नास वर्षं होऊन गेली, आता तरी सोडा.

खरी कीड वेगळीच आहे. 'माझी मदत कर'! मराठीत 'मला मदत कर' असतं हो. 'मेरी मदद करो'ला धोतर नेसवून आणलंय. टीव्हीवर तेच, सोसायटीच्या नोटिशीत तेच. काल माझ्या सख्ख्या पुतणीने मला 'काका, माझी मदत करा ना' म्हटलं. मी केली नाही.

ऐरोलीची मावशी
तुम्ही सगळे एक विसरताय. पुढे दहावी कुठून देणार? एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून द्यायची तर वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि पाच विषयांत किमान एक भाषा, फार तर दोन. त्यांची 'क' पातळी आठवीच्या बरोबरीची. आधी तिथला अभ्यासक्रम बघा, त्यावरून पुस्तक निवडा. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायला १७ नंबरचा फॉर्म भरणार असाल तर बालभारतीला पर्याय नाही. बाकी कर्मणी-भावे नंतर.

घणसोलीची लेक
मास्तर, 'सुरुवात घरापासून' म्हणालात ना? मग आमच्या घरचं ऐका.

माझी आजी आगरी बोलते. पानी, डोला, काला. चौथीत असताना मी वर्गात 'पानी' म्हटलं. आमच्या बाईंनी मला उभं करून वीस वेळा 'पाणी' म्हणायला लावलं, सगळा वर्ग हसत होता. घरी येऊन मी आजीला सांगितलं, तू शाळेत न्यायला येऊ नको. ती परत आली नाही. तुमच्या चौतीस वर्षांत असे किती उभे केलेत?

आगरीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो. दर वेळी होतो, चुकून नाही. 'मला'चं 'मना' होतं, आणि गावातलं शेंबडं पोरही त्यात चुकत नाही. नियम म्हणजे आणखी काय असतं?

निवृत्त शिक्षक, नौपाडा
भावना समजू शकतो. परंतु पेपरात 'पानी' लिहिले तर गुण जाणारच. प्रमाणभाषा कुठेतरी आखावीच लागते. उद्या प्रत्येक जण आपापल्या गावचे लिहू लागला तर पुस्तक छापायचे कोणत्या भाषेत? बोली घरात ठेवावी.

घणसोलीची लेक
घरात ठेवावी! घर राहिलं कुठे? भोवती शहर वसलं, शेतं गेली, मिठागरं गेली, खाडी बुजली. आता 'न' पण उंबऱ्याच्या आत ठेवायचा?

आणि ज्या शुद्ध व्याकरणाचा एवढा दिमाख, ते तरी कुठे आभाळातून पडलं? दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली छापलं तेव्हा साचा बराचसा इंग्रजीचा घेतला. विभक्त्या संस्कृतच्या, शब्दांच्या जाती साहेबाच्या, आणि अशुद्ध कोण, तर माझी आजी.

खारघरचा बाप
क्या बात! हेच तर म्हणतोय मी. पुस्तकं फेकून द्या, पोरांना बोलू द्या.

घणसोलीची लेक
दादा, मला तुमच्या पालखीत बसवू नका. तुमच्या मुलीला इंग्रजी घरात मिळालं, म्हणून तुम्हाला पुस्तक फेकता येतं. माझा भाचा तब्येतीमुळे दोन वर्षं घरीच शिकतोय. त्याच्या घरात ना प्रमाण मराठी आहे ना इंग्रजी. त्याला कोणी नियम उघड करून सांगितला नाही, तर तो आपोआप कुठून येणार? मला पुस्तक हवंय. फक्त पहिल्या पानावर त्याला चूक ठरवणारं नको.

कळव्याचा मुद्रितशोधक
सहमत. मात्र 'तुम्हाला पुस्तक फेकता येतं' हे बरोबर लिहिलंत हं, 'तुम्ही पुस्तक फेकू शकता' नाही. हल्ली हे दुर्मीळ.

खारघरचा बाप
माझ्या घरात काय मिळतं ते तुम्ही ठरवू नका. मुलीची आई कन्नड, मी विदर्भातला, इंग्रजी मुलीने स्वतः कमावलंय. आणि मास्तर, मुलांना उभं करणाऱ्यांनी गप्प बसलेलं बरं.

निवृत्त शिक्षक, नौपाडा
मी कोणालाही उभे केलेले नाही. पट्टी मारली असेल. हसवले कधीच नाही.

ऐरोलीची मावशी
माझं वरचं कोणी वाचलं का?

मानपाड्याची आई
वाचलं मावशी. 'क' पातळीचं काढून बघते, खरंच डोक्यात नव्हतं.

खारघरचे दादा, प्यायलो-शिकलो-विसरलोवर मी आडवी पडले, कबूल. पण तुमचा २००७ चा अहवालही काढून वाचला. व्याकरणाच्या उणे ०.३२ वर तुम्ही थांबलात. त्याच तक्त्यात 'वाक्यजोडणी' आहे, तिचा परिणाम अधिक ०.५०. दोन-तीन सुटी वाक्यं देऊन त्यांचं एक करायला लावायचं. 'मुलगा काल आला. तो माझा मित्र आहे.' याचं 'जो मुलगा काल आला तो माझा मित्र आहे' होतं आणि 'काल आलेला मुलगा माझा मित्र आहे' हेही होतं. आमच्या जुन्या पुस्तकात याला वाक्यसंश्लेषण म्हणायचे आणि ते व्याकरणाच्याच धड्यात असायचं. म्हणजे तुमच्या पुराव्यानेही व्याकरण घालवलं नाही, व्याख्या घोकणं घालवलं. शिवाय तो सगळा अभ्यास इंग्रजीवरचा. तिथे 'माकड बघितलो'चा प्रश्नच येत नाही.

खारघरचा बाप
वाक्यजोडणी चालेल. तिला व्याकरण म्हणायचं तर म्हणा, तुमची हौस. पोस्टमधलं 'आठवीपर्यंत हातच लावू नका' काढतो. बाकीची पोस्ट राहील.

मानपाड्याची आई
बदाम पण राहतील.

घणसोलीच्या ताई, तुमचं वाचून मुलाने वहीत दोन रकाने आखलेत, एकात पुस्तकातलं वाक्य आणि दुसऱ्यात आगरी. दुसरा रिकामा आहे. रविवारी आणू का त्याला तुमच्याकडे? ठाण्याहून वाशी लोकल पकडली की झालं.

घणसोलीची लेक
आजीला विचारते. ती म्हणेल, मना काय येतं शिकवाला. पण या. भाचाही बसेल. आणि त्याला सांगा, चुका काढायला येऊ नको, नियम शोधायला ये.

निवृत्त शिक्षक, नौपाडा
मुलाला अपवादांची यादी हवी असल्यास माझ्याकडे हस्तलिखित आहे. गावदेवी मैदानाजवळ संध्याकाळी सहाला असतो. आगरीचा रकाना मलाही बघायला आवडेल. चूक काढणार नाही.

मानपाड्याची आई
सर, यादी नक्की घेऊ. पण तो आत्ता माझ्या खांद्यावरून हा धागा वाचतोय आणि माझ्याच पहिल्या पोस्टवर बोट ठेवून विचारतोय: 'मी म्हटलं' आणि 'तो म्हणाला' असं लिहिलंयस. अर्थ एकच. मग 'त्याने म्हटलं'ला 'ने' लागतो आणि 'तो म्हणाला'ला का नाही? 'म्हणणे'चा अपवाद नेमका कुठला?

निवृत्त शिक्षक, नौपाडा
उद्या सांगतो.

खारघरचा बाप
मास्तर, उद्या कालच झाला. आम्ही थांबलोय.