कमी बटणांची स्क्रीन नेमकी कुणाच्या सोयीची?

कोरीपाटी (धागाकर्ती)

गोदामातल्या मालाची आवक-जावक नोंदवायचं एक वेब अ‍ॅप्लिकेशन आमची टीम सांभाळते. गेल्या महिन्यात त्याचं मुख्य पान मी नव्याने केलं. आधी वरच्या पट्टीत २३ बटणं होती, आता ५ आहेत. बाकीची ‘आणखी’ नावाच्या मेन्यूत गेली. रेघा, चौकटी, रंगीत मथळे काढून टाकले. नव्या माणसाला शिकवायला आधी अर्धा दिवस जायचा, आता तासाभरात तो कामाला लागतो. तरीही जुन्या लोकांच्या तक्रारी थांबत नाहीत.

निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. फॉर्ममधला प्रत्येक रकाना म्हणजे समोरच्याला विचारलेला प्रश्न. तो विचारायची खरंच गरज आहे का, याचं उत्तर बनवणाऱ्याकडे हवं. १९९८ साली गूगल आलं तेव्हा याहूसारखी पोर्टलं बातम्या, हवामान, शेअरबाजार सगळं पहिल्याच पानावर मांडून बसली होती. गूगलवर शोधायची एक चौकट होती, आणि तिथे काय करायचं हे कुणाला शिकवावं लागलं नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्येच प्रयोगाने दाखवलंय की पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळ वाढतो. २३ बटणांसमोर माणूस अडखळणारच.

दिवसभर अशी अ‍ॅप्स वापरणाऱ्यांनी जरूर लिहा.

नोंदवही

मी दिवसभर वापरणाऱ्यांपैकीच. साफ असहमत.

नवा माणूस तासाभरात शिकला, चांगलंच झालं. पण तो नवा किती दिवस राहणार? पंधरवड्यात तो जुना होतो आणि पुढची कित्येक वर्षं तेच पान रोज उघडतो. तुम्ही त्या पंधरवड्यासाठी पान बनवलंत.

आमच्याकडेही असाच बदल झाला. जुन्या स्क्रीनवर एका नजरेत ४० ओळी दिसायच्या, नव्या ‘मोकळ्या’ स्क्रीनवर १२ दिसतात. दोन नोंदी ताडून बघायच्या तर एक आकडा डोक्यात धरायचा आणि खाली स्क्रोल करत जायचं. मधेच फोन वाजला की आकडा गेला. आता मी आकडे कागदावर उतरवून घेते. चूक झाली तर जाब मला विचारतात, पान बनवणाऱ्याला नाही.

शेअर-रोख्यांचे सौदे करणारे वापरतात त्या ब्लूमबर्ग टर्मिनलची स्क्रीन बघा. काळ्या पार्श्वभूमीवर आकड्यांची नुसती दाटी. बाहेरच्या माणसाला ओ की ठो कळणार नाही. पण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना ती दाटीच हवी असते, कारण दहा गोष्टी शेजारी शेजारी दिसल्याशिवाय त्यांचा निर्णयच होत नाही.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या स्क्रीन-रचनेच्या १९९४च्या दहा तत्त्वांमधलं आठवं सगळे सांगतात: अनावश्यक काही दाखवू नका. सहावं कुणी सांगत नाही: वापरणाऱ्याला आठवायला लावू नका, समोर बघून ओळखू द्या. ‘आणखी’च्या आत काय काय दडलंय हे मला आठवावंच लागतं ना?

अर्धविराम

हिक यांच्या नियमाबद्दल. तो धागाकर्तीच्या बाजूने नाही, उलट बाजूने लागतो. पर्याय दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही. वाढ लॉगॅरिदमिक आहे, म्हणजे पर्याय वाढत जातात तसा प्रत्येक नव्या पर्यायाचा बोजा कमी होत जातो. १६ पर्याय एकदम समोर ठेवले तर निवड एकदाच होते. तेच ४-४ च्या गटांत लपवले तर दोनदा निवडा, वर एक जादा क्लिक आणि मेन्यू उघडायची वाट. हिशेब मांडून बघा, लपवण्यात तोटाच निघतो.

आणि ज्याला बटणाची जागा पाठ आहे तो निवडत बसतच नाही, त्याचा हात आपोआप तिकडे जातो. तुम्ही जागाच हलवली, म्हणून जुने लोक चिडले. त्यांचं चुकलं काय?

साधाकोड

मी कोरीपाटी यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी.

इथे सगळे जे दिसतं त्याबद्दल बोलताहेत. वजनाबद्दल कुणीच नाही. लॉगिनचे दोन रकाने आणि एक बटण असलेलं पान, आणि त्याच्यामागे काही एमबी जावास्क्रिप्टचा कोड उतरतोय, असं मी कामात कितीदा तरी पाहिलंय. त्याला मिनिमलिस्ट, म्हणजे गरजेपुरतंच ठेवलेलं, म्हणणं मला पटत नाही. याउलट छोट्या जाहिरातींची अमेरिकन साइट क्रेग्सलिस्ट बघा: निळ्या लिंकांची भली मोठी यादी, देखणेपणा शून्य, पण पान हलकं आणि जुन्या फोनवरही झटकन उघडणारं. माझ्या लेखी खरा कमीपणा तो. साधं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची मूळ भाषा, ब्राउझरचे स्वतःचे रकाने, ब्राउझरचं स्वतःचं मागे जायचं बटण. या गोष्टी फुकट मिळतात आणि आपण त्या काढून टाकून पुन्हा हाताने बनवतो, बहुतेक वेळा मूळच्याहून वाईट. ड्रॉपडाउन, म्हणजे दाबल्यावर खाली उघडणारी पर्यायांची यादी, हे याचं ठळक उदाहरण. ब्राउझरचा ड्रॉपडाउन कीबोर्डवर चालतो, अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला कळतो, फोनवर त्या फोनच्या पद्धतीने उघडतो. डिझायनरला त्याचा बाण आवडला नाही म्हणून आठवडाभर खपून नवा बनवतात आणि यातलं एकही काम तो धड करत नाही.

एक सुविधा नाकारली की तिची चाचणी, तिची दुरुस्ती, तिचं मदतपान सगळं वाचतं.

फिकटअक्षर

माझ्या आईला नजरेचा त्रास आहे, म्हणून हा विषय मला जवळचा.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला शांत वाटतात. आईला ती दिसतच नाहीत. वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, डब्ल्यूसीएजीमध्ये, साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, सांगितलाय. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार बारीक फॉन्टमध्ये आधीच हरवतात, त्यात रंगही फिकट.

दुसरं, रकान्याचं नाव रकान्याच्या आतच लिहायची पद्धत. टाइप करायला लागलं की नाव गायब. आई अर्ध्यात थांबते आणि विचारते, “इथे काय लिहायचं होतं गं?” मग लिहिलेलं पुसून पुन्हा बघायचं. गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन ही आपली डिझाइनची नियमावली आणली तेव्हा रकान्याला चौकटच नव्हती, खाली फक्त एक रेघ. पुढे लोकांवर चाचण्या घेतल्यावर त्यांनी चौकट परत आणली. ज्यांच्याकडे चाचण्या घ्यायची सोय नाही ते मात्र जुनी रेघ अजून गिरवताहेत.

साधाकोड

फिकटअक्षर, तुमचं सगळं मान्य. पण हा दोष मिनिमलिझमचा नाही, त्याचा फक्त चेहरा उचलणाऱ्यांचा आहे.

नोंदवही

प्रत्येक फसलेल्या पानाबद्दल ‘हा खरा मिनिमलिझम नव्हे’ म्हणायचं असेल तर चर्चा कशाची करायची? विंडोज ८ने २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं, पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. तेही खोटंच होतं का? तत्त्व सांगताना जे अनावश्यक ते काढा म्हणतात; प्रत्यक्षात बनवणाऱ्याला जे अनावश्यक वाटतं ते निघतं.

कोरीपाटी

सगळं दोनदा वाचलं. अर्धविराम, हिशेब मांडून पाहिला, तुमचं बरोबर आहे. मी तो नियम चुकीच्या जागी वापरला.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर म्हणायचे की प्रत्येक कामात काही गुंता असा असतो जो नाहीसा करता येत नाही. तो कुणी सोसायचा एवढंच ठरवता येतं. माल उतरवताना आम्ही आधी गोदाम, तारीख आणि पाळी हे तीन रकाने भरायला लावायचो. लॉगिनवरून तिन्ही कळतं. ते रकाने मी काढले, त्यासाठी दोन आठवडे कोड लिहिला, आणि त्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही. तक्रारी आल्या त्या फक्त १८ बटणांच्या, जी मी काढली नव्हती, नुसती आत ढकलली होती. तिथे गुंता मी सोसला नाही, तुमच्यासारख्यांच्या गळ्यात टाकला. हे इथे लिहिताना मला पहिल्यांदा स्पष्ट दिसतंय.

रकान्यांची नावं उद्याच बाहेर काढते. ओळींमधलं अंतर ज्याचं त्याला कमी-जास्त करता येईल असं बघते. २३ बटणं मात्र परत येणार नाहीत. त्यातली काही कुणीच दाबत नव्हतं, नोंदी तपासूनच सांगते आहे.

नोंदवही

नोंदी तपासताना एक बघा. वर्षअखेरीला एकदाच लागणारं बटण महिनाभराच्या नोंदीत दिसणार नाही.

आणि बाकी काही नाही तरी ‘मागची नोंद पुन्हा वापरा’ हे बटण असेल, तर ते आजच बाहेर आणा. आमच्याकडे ते तीन क्लिक आत गेलंय आणि मला ते दर नोंदीला लागतं.