घरातल्याच पोराची भीती वाटायला लावणारे थ्रिलर : तुमचे अनुभव लिहा

काल बेनीज व्हिडिओ हा पिक्चर बघितला, दिग्दर्शक मायकेल हानेकेचा, १९९२ चा, आणि झोपच उडाली (पुढे स्पॉयलर आहेत). १४ वर्षांचा मुलगा, आईबाप बाहेर, एका मुलीला घरी आणतो आणि मग जे घडतं ते थेट दाखवतच नाहीत, खोलीतल्या टीव्हीवर जेवढं दिसेल तेवढंच, बाकी नुसता आवाज. मी म्यूट केलं तरी कानात चालूच होतं. पण अंगावर काटा आला तो नंतर, आईबाप शांतपणे बसून आता हे निस्तरायचं कसं याचा हिशोब मांडतात तेव्हा. मोजक्या खोल्या, मोजकी माणसं, असे पिक्चर बघून तुमचं काय झालं? सविस्तर लिहा.

रातकिडा : वुई नीड टू टॉक अबाउट केव्हिन, २०११. त्यात बाळ रडायचं थांबत नाही म्हणून आई झालेली टिल्डा स्विंटन बाबागाडी रस्ता फोडायच्या मशीनपाशी नेऊन उभी राहते, त्या आवाजात रडणं ऐकू येईना म्हणून दोन क्षण तिला बरं वाटतं. तिथेच मी रडले. माझा लेक पहिले तीन महिने असाच रडायचा आणि मला त्याचा राग यायचा, हे मी नवऱ्यालासुद्धा कधी बोलले नव्हते. लेक आता १५ चा आहे, बाजूच्या खोलीत झोपला होता, उठून जाऊन त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

कटपीस : कॉलेजात असताना आम्ही अशीच शॉर्टफिल्म केली होती, पैसे नव्हतेच, एक फ्लॅट आणि तीन जण. शूटच्या वेळी फ्रिज बंद करायचा राहिला आणि सगळ्या साउंडमध्ये घरघर आली. एडिटला म्युझिक टाकून बघितलं, मग काढलं, नुसती घरघर आणि पोरगा आईकडे बघतोय, बास. त्याला आम्ही फक्त पापणी लववू नकोस एवढंच सांगितलं होतं. दाखवली तेव्हा सगळे चिडीचूप.

समुपदेशक_ताई : एक सांगते, पिक्चरमध्ये पोरांना सर्रास सायकोपॅथ म्हणतात, पण त्याच्या जवळचं वैद्यकीय निदान म्हणजे अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर (दुसऱ्यांच्या हक्कांची पर्वाच नसणं), ते १८ च्या आत करत नाहीत. त्याआधी कंडक्ट डिसऑर्डर, म्हणजे वागणुकीचा विकार, म्हणतात, आणि त्यातली बरीच मुलं सावरतात सुद्धा, मी बघितलीयेत. मला हे पिक्चर आवडतात, फक्त बघितल्यावर आपल्या पोराकडे संशयाने बघू नका.

अबोल : ताईंना +१. मी नववीत फार गप्प असायचो. वर्गातल्या पोरांनी असला एक पिक्चर बघितला आणि त्यातल्या मुलाच्या नावाने मला हाक मारायला लागले, वर्षभर. डबा खायला शेजारी कोणी बसायचं नाही. अजूनही तो पिक्चर पूर्ण बघितलेला नाही, दोनदा लावला, दोन्ही वेळा त्याचं नाव ऐकू आलं की बंद केला.